आमच्या घोडीचे जंत

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. जंत हा माझा हातखंडा विषय. बाटलीतले जंत दाखवून त्यांचा जन्म, प्रवास, मुक्काम सगळं मी मुलांना घडाघडा सांगते. आणि घरच्या एका घोडीच्या पोटातले जंत मला वर्षभर हटवता आले नाहीत. कॉलेजात हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

तंजावुरात घोडी कशाला, असं लोक विचारतात. मलाही तोच प्रश्न आहे. आमचे पूर्वज घोड्यावर बसून इथे आले, हे सासरच्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. घोड्यावर बसता मात्र एकालाही येत नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि पापनाशमच्या एका माणसाकडून वरातीची घोडी विकत घेऊन आले. सासूबाई होत्या तोवर ती घोडी म्हणजे घरातली थट्टा होती. त्या गेल्या आणि मामंजींनी घरात बोलणंच सोडलं. बोलायचे ते मागच्या अंगणातल्या तबेल्यात, घोडीशी. तिथे तासन्‌तास गप्पा चालायच्या. म्हणून ती घोडी जगायला हवी होती, मला तिचा कितीही वैताग आला तरी.

औषध दिलं की थोडे दिवस ती बरी असायची. मग पुन्हा पोट सुटायचं, पाठ खोल जायची, अंगावरचे केस राठ व्हायचे. लीद तपासायला पाठवावी तर जंतांची अंडीच अंडी. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं. पुन्हा बदललं. ट्यूबमधली पेस्ट घोडीच्या जिभेमागे सोडणं म्हणजे काय दिव्य असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. माझ्या दोन चांगल्या साड्या त्यात गेल्या. समोरच्या मामी कडुलिंबाचा पाला वाटून घेऊन आल्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं हिंग सुचवला. घोडीचे जंत कसे काढायचे हे आमच्या रस्त्यावर माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

मी कालव्याकाठी चरायला नेणं बंद केलं. खायला फक्त वाळलेलं गवत. तबेला रोज झाडून कोरडा. तरी एका दुपारी घोडी पोटात कळ येऊन जमिनीवर लोळायला लागली. डॉक्टरीणबाई आल्या, इंजेक्शनं दिली, संध्याकाळी ती कशीबशी उभी राहिली. "पुन्हा असं झालं तर ती वाचेल असं वाटत नाही," त्या हात धुताना म्हणाल्या. "कुठेतरी ओलं गवत खातेय ती."

"एक काडीसुद्धा नाही," मी ठासून सांगितलं.

माझे यजमान म्हणाले, तिरुवैयारुला ओळखीच्या एकांकडे मोठी जागा आहे, घोडे आहेत, तिकडे पाठवून देऊ. मामंजी समोर कॉफी पीत बसले होते. त्यांनी हातातला टंबलर खाली ठेवला आणि उठून तबेल्यात गेले. त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत.

पुढच्या सुट्टीच्या सकाळी मी तबेल्यात पिशवीत लिदीचा नमुना भरत होते, तेवढ्यात मामंजी देवळातून आले. हा त्यांचा नेम. कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या देवळात रोज दूर्वांची माळ द्यायची. मनगटाएवढी जाड माळ. पूर्वी ती सासूबाई गुंफायच्या, आता मामंजी गुंफतात. देवळातले गुरुक्कळ नवी माळ देवाला घालतात आणि कालची काढून मामंजींच्या हातात देतात. निर्माल्य पायदळी पडू नये म्हणून मामंजी ते घोडीला घालतात. त्यांची चाहूल लागताच ती खिंकाळते, ते सावकाश दोरा सोडवतात आणि मूठ-मूठ दूर्वा तिच्या तोंडात देतात. हे मी इतके दिवस रोज बघत आले होते. पण ते गवत आहे हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते निर्माल्य होतं.

आणि दूर्वा कुठल्या? तबेल्याच्या भिंतीमागच्या वाफ्यातल्या. तो वाफा असा गर्द हिरवा की येणारे-जाणारे कौतुक करतात. करतीलच. रोजची ताजी लीद मामंजी त्यात घालतात आणि दोन वेळा पाणी शिंपतात. लिदीतली अंडी, अंड्यांतून अळ्या, अळ्या ओल्या दूर्वांवर, दूर्वा देवाच्या गळ्यात आणि तिथून घोडीच्या पोटात. हे चक्र मी दर वर्षी फळ्यावर काढते. त्यात देव काढत नाही, एवढाच फरक.

माझा आवाज चढला. "मामंजी, तुम्ही तिला रोज स्वतःच्या हातानं जंत भरवताय."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "देवाचं आहे ग हें. धुऊन नेतों मी. ह्यांत किडे कसे असतील?"

"धुतलं तरी सगळे जात नाहीत. देवाला चालतात, घोडीला चालत नाहीत."

हातातली उरलेली माळ त्यांनी तशीच खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळली. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त संताप येत होता, त्यांचा, माझा आणि माझ्या पदव्यांचा.

वाफा खणून काढला. लीद लांबच्या खड्ड्यात जाऊ लागली. देवाला माळ बाजारातून विकत येऊ लागली आणि निर्माल्य नदीवर. घोडीला पुन्हा औषध दिलं, पुन्हा एक साडी गेली. पण मामंजींनी नवंच काढलं. देवळातून आले की पुढच्या दारानं घरात शिरायचे आणि खोलीत जाऊन बसायचे. मागे घोडी खिंकाळून खिंकाळून अंगण डोक्यावर घ्यायची. "मोकळ्या हातानं तिच्यापुढें कसा जाऊं?" म्हणायचे. म्हणजे घोडी वाचवावी तर सासरे हातचे जाणार. मी कपाळाला हात लावला.

पुढच्या तपासणीत अंडी नावापुरती निघाली. मी धावत जाऊन मामंजींना सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"बेस झालं. मग आतां देऊं कां माळ?"

"नाही," मी म्हणाले, आणि त्यांचा हात धरून त्यांना तबेल्यात घेऊन गेले.

घोडीनं त्यांचे दोन्ही तळवे हुंगले. शर्टाचा खिसा हुंगला, पंचा हुंगला. काही नाही असं दिसल्यावर सरळ पाठ फिरवून गवताकडे गेली आणि खायला लागली. मला तिचा असा राग आला की सांगता सोय नाही. ज्याच्यासाठी तुला जिवंत ठेवली, त्याला पाठ दाखवतेस?

"चला मामंजी, आत जाऊ," मी म्हणाले.

"थांब ग." ते भिंतीला टेकून उभे राहिले. "भूक लागली आहे तिला. किती दिवसांनी बघतों. बघ तरी, कशी खाते ती."