लघुग्रहाचं शेपूट

मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, पण माझ्याइतका गाढव मास्तर दुसरा झाला नसेल. आता या वयात लाज कुणाची धरायची, म्हणून लिहून टाकतो.

लिंबागणेशच्या पुढं एका गावात मी हायस्कूलवर होतो. त्या वर्षी दुष्काळानं विहिरींचे तळ उघडे पडले होते. अशातही गावच्या दूध संघानं एक चांगलं ठरवलं. दहावीच्या मुलींपैकी एकीला पुढं बीडला वसतिगृहात ठेवायचं, तिच्या शिक्षणाचं सगळं संघानं बघायचं. जागा एकच. पेपर मी काढायचा, मीच तपासायचा. कुणाचा दबाव नव्हता, वशिला नव्हता. म्हणून तर जास्त लागतं. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नाही.

एक मुलगी होती, तिचे वडील संघाच्या टेम्पोवर हमाल. बीडहून बर्फाच्या लाद्या भुशात झाकून आणायच्या आणि केंद्रावर दुधाच्या कॅनभोवती रचायच्या, हे त्यांचं काम. पोरगी लई हुशार आणि तितकीच हट्टी. ही जागा तिलाच मिळणार, असं मीही मनात धरून चाललो होतो.

पेपरात प्रश्न होता, लघुग्रह आणि धूमकेतू यांतला फरक लिहा. सोपं उत्तर. धूमकेतू बर्फाचा, त्याला शेपूट असतं. लघुग्रह दगडाचा, त्याला नसतं. हिनं लिहिलं, 'लघुग्रहाच्या आत बर्फ असेल तर त्यालाही शेपूट फुटेल.' मी लाल पेनानं फुली मारली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण जीभ! वर्गात पेपर वाटताना सगळ्यांदेखत म्हणालो, "लघुग्रहाला शेपूट? कुणी लावलं गं, तुझ्या बापानं?"

वर्ग खो खो हसला. ती मात्र उभीच राहिली. म्हणाली, "सर, टेम्पोत लादी ठेवली की वरनं नुसता भुसा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं भुशाचाच ढीग हाय. ऊन लागलं की आतला बर्फ सुटतो, अन् भुसा रस्ताभर सांडत जातो. तसंच वर बी आसंल."

"हा विज्ञानाचा पेपर आहे, दूध संघाचा टेम्पो नाही. बस खाली!"

बसली. एका मार्कानं जागा दुसरीला गेली. ती दुसरीही गुणाची होती, तिचा काय दोष.

पुढं चारा संपला, जनावरं छावणीत गेली, दूध आटलं आणि केंद्राला कुलूप लागलं. दूधच नाही तर बर्फ कुणाला हवा? दसरा झाल्यावर तिच्या वडिलांनी कोयता घेतला आणि घरदार ऊसतोडीला गेलं. तीही गेली. दोन वर्षांत तिचं लग्न झाल्याचं ऐकलं. मी हळहळलो, झालं. मास्तर लोकांना हळहळायची सवयच असते.

निवृत्त झाल्यावर एकदा पेपरात वाचलं. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात काही लघुग्रह सापडलेत, दिसायला दगड, पण सूर्याच्या जवळ आले की धूळ सोडतात. चक्क धूमकेतूसारखं शेपूट फुटतं त्यांना. पृष्ठभागाखाली बर्फ दडलेला असतो. उन्हानं त्याची थेट वाफ होते आणि ती वाफ धूळ घेऊन बाहेर पडते. मी पेपर खाली ठेवला. चष्मा काढून भिंतीला टेकलो. बायको म्हणाली, साखर कमी झाली का? काय सांगू तिला? भर वर्गात मी ज्या पोरीचा बाप काढला, ती बरोबर होती.

शोधत शोधत ती माजलगावच्या मोंढ्यात सापडली. धान्य चाळत होती. मला बघून चाळणी टाकून उठली. "सर, तुमी? लई वाळलात की!" पोतं पदरानं झटकून मला त्यावर बसवलं.

मी खिशातलं कात्रण काढलं, सगळं समजावून सांगितलं. तुझं उत्तर बरोबर होतं, माझं चुकलं, ती जागा तुझी होती. बोलता बोलता मला रडू आलं. तिनं कात्रण दोनदा वाचलं, नीट घडी घालून माझ्याच खिशात परत ठेवलं.

"सर, एवढ्या उन्हातानाचं आलात, लई बरं वाटलं बगा. पण माज्यासाठी कावून खोटं बोलता? माझं चुकलंतं, म्हणूनच तुमी फुली मारली. तुमची फुली कवा चुकली न्हाई. आजून पोरांना सांगते मी."

मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. ती हसली, आणि माझ्यासाठी चहा सांगायला गेली.