समुद्रगवत आणि आईचा अंगठा

एकमेकांसारख्या दिसणाऱ्या समुद्रगवताच्या प्रजाती डीएनएवरून ओळखणं हे माझं काम. सुट्टीत गावी, आष्टीला आलो, तेव्हा वाळवलेले नमुने सोबत होते. जन्मभर खुरपणी केलेल्या आईनं एकेक पान अंगठ्यानं चाचपून दोन ढीग केले. रुंद पानांचा एक, बारीक पानांचा एक.

"दोन जाती हायेत ह्या," ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

महिन्याभरानं डीएनए तपासला, तर प्रजाती एकच निघाली. माझंही मत चुकलं होतं हे सोयीस्कर विसरून मी तोऱ्यात तिला फोन केला.

"मग बारक्या पानाला पानी कमी पडलं असंल," ती शांतपणे म्हणाली.

"आई, ते समुद्रात उगवतं!" मी चिडलो.

फोन ठेवून नोंदवही उघडली. बारीक पानांचे सगळे नमुने ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्यावरचे होते.