न्हाणीमागची पांढरी

आमच्या जुन्या गावाच्या भिंती गुरं चाटायची. गुराख्यानं कितीही काठ्या घातल्या तरी माना वळवून पुन्हा तिथंच. सिरसाळ्याच्या बाजाराहून येताना ते ओस गाव लागायचं, आणि मी तोंड फिरवून चालायची.

प्लेगात उंदीर पडायला लागले तसं सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं, आणि परत गेलंच नाही. माळावरच नवं गाव बसलं. जुन्या घरांची दारं-तुळया ज्यानं त्यानं उचलून आणली. भिंती राहिल्या त्या पावसात विरघळल्या, त्यांचे ढिगारे झाले. त्या मातीला आम्ही पांढरी म्हणतो. जिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, चुलीची राख पडली, गुरांचं मूत मुरलं, ती माती खारट होते. काळ्या रानात ती पसरली की रान पुन्हा जीव धरतं.

आणि आमचं रान तर पार थकलं होतं. आधी धनगर दरसाल येऊन रानात मेंढरं बसवायचे, लेंड्या-मूत जागच्या जागी पडायचं. प्लेगानंतर त्यांनी आमच्या शिवेकडं बघायचं सोडलं. कोण मरायला येतंय? आमची अर्धी गुरंही मेली, उकिरड्यात घालायला शेण उरलं नाही. त्यात वर्षामागून वर्ष नुसता कापूस. मग ज्वारी पेरली तर ती गुडघ्याएवढी, कणसं बोटाएवढी. घरधनी ढेकूळ फोडून हुंगायचे आणि काही न बोलता टाकून द्यायचे. मला त्या गप्प बसण्याचा लई राग यायचा.

एका उन्हाळ्यात पाटलांनी चावडीवर सांगितलं, "जुन्या गावाची पांढरी न्या. ज्याचं घर त्याची माती. दुसऱ्याच्या घरात कुणी कुदळ घालायची न्हाई." घरधनी आनंदानं घरी आले. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू बघितलं, आणि मी मात्र चुलीकडं तोंड फिरवलं.

त्या घरात, न्हाणीच्या मागं, माझी पहिली लेक होती.

बारसं व्हायचं होतं तिचं. घरधनी तापानं फणफणलेले, त्यांना माळावर नेलेलं. मी ओली बाळंतीण, म्हणून मी आणि सासूबाई मागं राहिलो होतो. लेकराला दुपारी ताप भरला आणि दिवस मावळायच्या आत गेलं. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात, पण पुरायला गडीमाणूस होतं कुठं? आणि घरात मौत झाली हे बाहेर कळलं तर सरकारी माणसं येऊन घरावरचं मातीचं धाबं उखडतील, आम्हा दोघींना उचलून नेतील, अशी त्या वेळी सगळ्यांना धास्ती. सासूबाईंनी स्वतः कुदळ घेतली. न्हाणीमागची जमीन ओली, मऊ, म्हणून तिथं खणलं. मी लेकरू मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या हातातली काळ्या मण्यांची मनगटी काढू दिली नाही मी. सासूबाई म्हणाल्या, "नदीकाठी पुरलं म्हणून सांग. मी बी तेच सांगीन. माझी आन हाय तुला." पुढं माळावरच्या झोपडीत त्याही वारल्या, आणि ती आन माझ्या एकटीच्या गळ्यात राहिली.

ती मी मोडली. गाडीला बैल जुंपायच्या आधी घरधन्यांना म्हणलं, "आवं, न्हाणीमागची माती तेवढी सोडा."

"कावून? तितली तर सगळ्यात चांगली असंल. न्हाणीचं पाणी, गोठ्याचं मूत, सगळं तितंच मुरलंय."

"पोरगी हाय तिथं."

ते जुवाला हात लावून उभे राहिले. "आईनं तर मला नदीकाठी म्हणून सांगितलतं," एवढंच बोलले. मग बैलांच्या मानेवर उगाच हात फिरवत राहिले. मी म्हणलं, "रागवा, शिव्या द्या, पण काहीतरी बोला की!" तेव्हा म्हणाले, "तुझा कोपरा ऱ्हाईल. जा, पाणी आण प्यायला."

आणि राहिला. माणूस शब्दाचा पक्का. बाकीच्या घरातली माती ते जिभेवर ठेवून बघायचे, खारट लागली की गाडी भरायचे. मिळमिळीत लागली तर तिथंच टाकायचे. मातीनं त्यांचे ओठ पांढरे व्हायचे. न्हाणीमागं मात्र त्यांनी चिमूटसुद्धा उचलली नाही. पाऊस लागायच्या आधी पांढरी रानात पसरायची, ती बेतानं, कारण जास्त झाली आणि पाऊस लांबला की पीक जळतं. मग कुळवून मातीत मिसळायची. ज्वारीत तुरीच्या ओळी घातल्या, कापूस बंद केला. रान हिरवं दिसायला लागलं तसे धनगरही चुकत माकत परत आले. दोन-तीन पावसाळ्यांत ज्वारी डोक्याच्या वर गेली. मला पुढं मुलगे झाले. लेक पुन्हा झाली नाही.

गावानं मात्र सगळी पांढरी ओरबाडून नेली. जुन्या गावाच्या जागी नुसता खड्डा झाला, आणि त्या खड्ड्यात आमचा एक कोपरा छातीएवढा उभा. शेण गोळा करायला गेले की मी तिथं टेकायची, पदरातला भाकरीचा तुकडा ठेवायची. कुणी बघत असेल तर बघू दे म्हणायची.

बघत होतेच की. शेजारीण एकदा पाणवठ्यावर म्हणाली, "सगळी पांढरी नेली, तेवढीच कावून ठिवली गं?"

"तुझ्या का पोटात दुखतंय?" म्हणलं. "तुझ्या घरातली तू नेली, माझ्यातली मी ठेवीन न्हाईतर चाटून खाईन."

तिच्या नवऱ्यानं त्याचा भलताच अर्थ लावला. आमच्या सासूबाईंनी प्लेगाच्या धांदलीत दागिन्यांचा हंडा पुरलाय, अशी कुजबुज गावभर झाली. घरधनी ऐकून हसले. "हंडा आसता तर मी ठिगळाचं धोतर नेसून हिंडलो आसतो व्हय?" मला हसू आलं नाही. मी म्हणलं, खरं सांगून टाकू का? ते म्हणाले, "कशाला? लोक त्याच्याबी गोष्टी करतील." तेही खरंच होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेणाला गेले, तर कोपरा नव्हता.

सगळा खणून काढलेला. माती चहूकडं भिरकावलेली, खाली माणूसभर खड्डा. मी त्या मातीत बसून दोन्ही हातांनी चाळत राहिले. हाडं मिळाली नाहीत. एवढ्याशा जिवाची हाडं ती काय, मातीनं केव्हाच खाऊन टाकली असतील. मनगटीचे काळे मणी तेवढे मिळाले. मी अशा शिव्या दिल्या, अशा दिल्या, की माळावरून माणसं पळत आली. तुमचं वाटोळं होईल, म्हणलं, तुमच्या हाताला किडे पडतील! शेजारी काही आला नाही. गावात परत आले तर त्याच्या दारात कुदळ धुऊन भिंतीला लावलेली होती. पण पांढरी सगळी धुऊन जात नाही, दांड्याच्या फटीत राहते.

तीच कुदळ उचलून त्याचं टाळकं फोडावं असं मला वाटलं. आजही वाटतं. घरधन्यांनी मनगट धरून मला घरी आणलं. "त्याला मारून ती परत येणार हाय का?"

आभाळ भरून आलं होतं. एक चांगला पाऊस झाला असता तर ती सगळी भुसभुशीत माती ओढ्यात वाहून गेली असती. मी पाणी प्यायले आणि म्हणलं, "गाडी जुंपा."

"कशाला?"

"रानात न्यायची."

"अगं, तूच तर नको म्हणलतीस."

"मग ओढ्यात जाऊ देऊ? गावाच्या पायाखाली तुडवू देऊ? निदान आपल्या रानात तरी ऱ्हाईल."

फावडं घेऊ दिलं नाही मी त्यांना. हातांनीच भरली. त्यांनी सवयीनं चिमूट उचलून जिभेकडं नेली, मग माझ्याकडं बघून हात खाली घेतला. रानात पोचल्यावर विचारलं, "कुठं टाकायची?" म्हणलं, सगळीकडं. टोपलं कडेवर घेऊन मी सगळं वावर फिरले. मणीसुद्धा टाकले.

त्या साली शाळूची ज्वारी अशी आली की वाटेनं जाणारे थांबून बघायचे. खळं झालं. मी उपणत होते, चार बायका मदतीला बसलेल्या. शेजारीणही आली. दाणे ओंजळीत घेऊन बघत म्हणाली, "काय टपोरी ज्वारी हाय! काय घातलंस गं वावरात?"

मी सूप खाली ठेवलं. म्हणलं, "लेक घातली माझी. प्लेगात गेलेली, न्हाणीमागं पुरलेली. तुझ्या मालकानं खणून वर काढली, मी नेऊन पसरली."

तिच्या ओंजळीतले दाणे खाली गळले. ती म्हणाली, "आमाला हंडा वाटला, बाई."

खळ्यावर आलेल्या बाईला आमच्यात मोकळ्या हातानं धाडत नाहीत. मी सूप भरलं आणि म्हणलं, "पदर कर." ती मागं सरली. "पदर कर," मी म्हणलं. तिनं पदर पुढं केला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आमच्याही चुलीवर तीच ज्वारी होती. पोरांनी खाल्ली, घरधन्यांनी खाल्ली, शेवटी मी माझं ताट वाढून घेतलं. भाकरी गोड होती. मी रडत रडत सगळी खाल्ली.