डाव्या हाताची पूजा

गेल्या वर्षी मला लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. आष्टीकडे आमचा भाजीपाल्याचा मळा आहे, जन्म वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवण्यात गेलेला. वाफ्यात हात चालणार नाही याचं दुःख होतंच, पण खरं दुःख वेगळं होतं. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला लग्न झाल्यापासून मीच न्हाऊ घालत आले. डावा हात देवाला चालत नाही, असं आमच्या घरचं वळण. त्यामुळे पूजा सुनेकडे गेली आणि मी देव्हाऱ्याकडे पाठ करून बसू लागले. रुसलेच होते मी. न्यायचाच होता तर डावा न्यायचा, एवढंही देवाला कळू नये?

मुलाने मला वर्ध्याजवळच्या एका उपचार केंद्रात ठेवलं. तिथे लकव्यातून उठणाऱ्यांना बागेत कामाला लावतात. माती भुसभुशीत करायची, रोपं लावायची, फुलं खुडायची. मला निंदायला बसवलं तेव्हा हसूच आलं. आयुष्यभर निंदलं आणि आता औषध म्हणूनही तेच. पण उजव्या हाताची बोटं गवताला नुसती टेकायची, एक काडी उपटत नव्हती. व्यायाम घेणाऱ्या मॅडम धीर द्यायच्या, मी मान हलवायचे. मनातून आशा सोडली होती.

एका सकाळी शेवंतीच्या वाफ्याजवळ पुलगावच्या एक बाई हार गुंफत बसल्या होत्या. फाटकाजवळच्या गणपतीसाठी. त्यांची डावी बाजू गेलेली. एका हाताने गाठ बसेना, फुलं मांडीवर ओघळत होती. मला म्हणाल्या, "द्या बरं तुमचा डावा हात."

डाव्या हाताने मी देवाचं काही करत नाही, असं मी सांगितलं.

"मंग देवानं तो ठेवला काऊन, बाई?"

मी डाव्या हाताने देठ धरले, त्यांनी उजव्याने दोऱ्याचे वेढे दिले. आधी गाठी ढिल्या पडल्या, मग हळूहळू जमत गेलं. हार संपत आला तेव्हा माझं लक्ष गेलं, दोऱ्याचं टोक माझ्या उजव्या हाताच्या बोटांनी दाबून धरलं होतं. ते मी कधी धरलं, मला माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, लक्ष दुसरीकडे असलं की असं होतं कधी कधी. असेलही. मला मात्र रडू आवरेना. पुढे त्या बाई घरी गेल्या, त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

उजवा हात अजून पुरता आलेला नाही. बोटं धरतात, पण तांब्या पेलत नाही. घरी परतले त्या दिवशी देव्हाऱ्यासमोर बसले आणि सुनेला म्हटलं, मूर्ती तू धर. डाव्या हाताने पाणी घातलं. इतके महिने मी देवाकडे माझा हात मागत होते. त्याने एका परक्या बाईचा पाठवला, आणि सुनेचा तर घरात केव्हापासून होता. आता आम्ही दोघी मिळून बाळकृष्णाला न्हाऊ घालतो. त्याची काही तक्रार दिसत नाही.