अचारच्या बिया आणि आमचे उंदीर

जबलपूरला घमापुरात आमच्या घरी संध्याकाळी चहाला चार लोक जमले, की कोणीतरी म्हणतंच, "भाऊ, तो उंदराचा किस्सा सांगा ना!" आता कोणता सांगू? तिथल्याच एका जंगल-संशोधनाच्या ऑफिसात मी पाच वर्षं उंदीर आणि खारींच्या प्रोजेक्टवर होतो. प्रोजेक्ट संपला तेव्हा फाइली, वजनकाटा, टॉर्च, सगळं जमा करून घेतलं. किस्से कोणी मागितलेच नाहीत. ते राहिले माझ्यापाशी!

काम साधं होतं. जबलपूरजवळ कुंडमच्या जंगलात चारोळीची झाडं आहेत. झाडाखाली पडलेल्या बिया उंदीर आणि खारी पळवतात. त्यातल्या किती खातात, किती मातीत पुरून ठेवतात, आणि पुरलेल्यांतून रोपं येतात का, हे आम्ही बघायचं. प्रमुख होत्या मोघे मॅडम. मी त्यांचा असिस्टंट. आणि तिसरा धनसिंगदादा, कुंडमकडचाच, साठीच्या आसपासचा. बिळाचं तोंड बघून उंदीर घरी आहे की बाहेर, ते सांगायचा!

नागपूरला एका लग्नात बायकोच्या मामांनी विचारलं, "जावईबापू, सध्या काय करून राहिले?"

"उंदीर बिया कशा खातात ते बघतो."

"अन् सरकार याचा पगार देते?"

"देते ना. काहून नाही देणार?"

मामा मामीला म्हणाले, "अवं, ऐकलं का? आपण इतके वर्षं फुकटात बघून राहिलो!"

*

चारोळीच्या झाडाला इकडे 'अचार' म्हणतात. नाव सोपं आहे, पण त्यानं आमचा घात केला.

एका उन्हाळ्यात आम्ही पोतंभर बिया ऑफिसच्या स्टोअरमध्ये ठेवल्या. जंगलातल्या उंदरांसाठी आणलेल्या त्या बिया ऑफिसच्या उंदरांनी फस्त केल्या. नियमाप्रमाणे मी हिंदीत रिपोर्ट पाठवला : 'भंडार में रखा एक बोरा अचार चूहे खा गए.'

पंधरा दिवसांनी वरून पत्र आलं. कार्यालयात इतकं लोणचं कोणाच्या परवानगीनं ठेवलं होतं? आंब्याचं होतं की लिंबाचं, तेही कळवावं!

मोघे मॅडम शांत बाई. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "लिहा, आंब्याचं होतं. बी म्हणून सांगितलं तर अजून दहा पत्रं येतील."

*

उंदीर बी कुठे नेतो ते कळावं म्हणून आम्ही प्रत्येक बीला बारीक लाल दोरा चिकटवायचो. उंदीर बी पुरतो, दोरा वर दिसत राहतो. दोन दिवस खपून आम्ही तिघांनी एका मोठ्या झाडाखाली अशा बिया मांडल्या.

आठवड्यानं गेलो तर झाडाखाली उदबत्त्या, कुंकू आणि फोडलेला नारळ! जाणाऱ्या-येणाऱ्यांनी लाल दोरे बघितले, कोणीतरी मोठी पूजा केली असं समजून हात जोडले. नारळ उंदरांनी खाल्लेला. त्या झाडाचा सगळा डेटा गेला.

मॅडमचा चेहरा पडला. धनसिंगदादा समजूत घालत म्हणाला, "दुखी मत होओ मैडम. अब ये पेड़ कोई नहीं काटेगा. रिसर्च से तो ज़्यादा ही काम हो गया!"

*

मग कॅमेरे आले. समोर हललं की आपोआप फोटो निघायचा. प्रत्येक फोटो बघून मी तक्त्यात भरायचो, बी कोणी नेलं : उंदीर, खार, पक्षी.

एका फोटोत एक टोपी दिसली. पुढच्या फोटोत टोपी उलटी, तिच्यात पिकलेली फळं. तिसऱ्या फोटोत, आमचा प्लॉट तपासायला आलेले मोठे साहेब, तोंड हलतंय, डोळे मिटलेले!

मी मॅडमना विचारलं, "हे कुठे भरू?"

"नवीन कॉलम काढा," त्या म्हणाल्या. "इतर सस्तन प्राणी."

*

एक प्लॉट आम्ही बारीक जाळीनं बंद केला होता. उंदीर आत येऊच शकत नव्हते. सगळ्यांना वाटलं, इथे रोपंच रोपं येतील. पण उघड्यावर पडलेल्या बिया उन्हानं वाळल्या, काहींना कीड लागली. पाऊस झाल्यावर रोपं आली ती जाळीच्या बाहेर, जिथे उंदरांनी बिया पुरल्या होत्या आणि खायला परत आलेच नव्हते!

मॅडमनी हे मीटिंगमध्ये सांगितलं. एक साहेब खूश झाले. "वाह! तो चूहों को ट्रेनिंग दी जा सकती है? खाओ कम, गाड़ो ज़्यादा?"

मॅडम म्हणाल्या, "सर, पहले स्टाफ पर ट्राय कर लें?"

त्या वर्षी आमच्या प्रोजेक्टला मुदतवाढ मिळाली नाही.

*

शेवटी शेवटी आमच्यावर एक भलतंच काम आलं. जंगलाच्या कडेला ऑफिसनं चारोळीची रोपं लावली होती. सरळ रांगा, मोजून अंतर, प्रत्येकाला काठी. देखरेख धनसिंगदादाची. उन्हाळ्यात रांगाच्या रांगा वाळल्या. पाणी घालायला टँकर द्या म्हणून दादानं तीनदा सांगितलं होतं, टँकर आला नाही. आता पावसानंतर वरचे साहेब इन्स्पेक्शनला येणार होते, आणि त्यांना ती रोपं दाखवून आणायचं काम आमच्याकडे. रोपं मेलेली निघाली तर दादाचं काम जाणार. एकोणीस वर्षं रोजंदारीवर होता बिचारा. घरी पाच खाणारे. आदल्या दिवशी जेवलासुद्धा नाही.

पावसानंतर आम्ही साहेबांना घेऊन तिथे पोचलो आणि मी बघतच राहिलो. काठ्यांपाशी काहीच नव्हतं, पण मधल्या जागेत, दगडाच्या आडोशाला, झुडपाच्या बुडाशी, चारोळीची रोपं वर आली होती. एकाच जागी चार-चार, हिरवीगार! शेजारीच चारोळीचं जुनं झाड होतं, आणि कडेनं बिळं.

साहेब फिरले. खूश झाले. मग कपाळाला आठ्या पडल्या.

"पौधे तो ज़िंदा हैं. पर लाइन में क्यों नहीं हैं?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी आभाळाकडे बघितलं. धनसिंगदादा हात जोडून पुढे झाला.

"लगाने वाले अनपढ़ थे, साहब."

"कहाँ हैं वो लोग? बुलाओ!"

"यहीं रहते हैं साहब. दिन में सोते हैं."

साहेबांनी डायरी उघडली, पेन काढलं.

"अच्छा! परमानेंट हैं?"