कानवाल्या उद्धवरावांचे दोन स्पीकर

चाकणच्या त्या गिअरबॉक्स कंपनीत उद्धवरावांचं आडनाव फारसं कुणाला ठाऊक नाही. सगळे त्यांना ‘कानवाले काका’ म्हणतात. एकतीस वर्षांपूर्वी हा माणूस औशाहून एक पत्र्याची पेटी घेऊन आला आणि लाइनच्या शेवटी, काचेच्या खोलीत जाऊन बसला तो बसलाच. तयार गिअरबॉक्स तिथं फिरवून बघतात. उद्धवराव लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. पुढे सेन्सर आले, संगणक आला. पण स्क्रीनवर हिरवं दिसत असलं तरी काकांनी मान हलवली की नापासाचा लाल टॅग लागायचा. उघडून बघावं तर आत एखाद्या दाताला बारीकशी चीर निघायचीच, आणि साहेब लोक हसून हात जोडायचे.

असल्या माणसाला स्वतःच्याच घरात टीव्ही ऐकू येईनासा झाला.

म्हणजे यायचा, नको इतका यायचा! मोशीच्या फ्लॅटमध्ये त्यांनी वर्षभरापूर्वी बोनसमधून होम थिएटर बसवलं होतं. रिसीव्हर म्हणून एक भलंमोठं काळं खोकं, पाच स्पीकर आणि कोपऱ्यात जमीन हादरवणारा सहावा. पिक्चरमधलं हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की त्यांच्या पत्नी कुसुमताई मान खाली घालायच्या. शेजाऱ्यांची भांडी थरथरायची. पण मालिकेतली सून जरा हळू बोलली, की उद्धवरावांना एक अक्षर कळेल तर शपथ.

“काय म्हणलाली ती?” ते विचारायचे.

“म्हणती, मी हे घर सोडून जाते,” कुसुमताई भाजी निवडता निवडता सांगायच्या. कधी अडखळल्या नाहीत की कधी ‘थांबा जरा’ म्हणाल्या नाहीत.

त्यावरून उद्धवरावांनी ताडलं की हिला ऐकू येतं, मला येत नाही, म्हणजे माझे कान गेले. झालं! वर्षभर हा माणूस हेच मनात घेऊन फिरत होता. कंपनीत दरवर्षी कान तपासायची गाडी येते, ती यंदा गुरुवारी येणार होती. तिथं आलेख खाली आला की काचेची खोली सुटणार आणि निवृत्तीपर्यंतची दीड वर्षं स्टोअरमध्ये खोकी रचत काढायची. कानवाले काका, आणि कानच नाहीत! सांगितलं मात्र कुणालाच नाही. हिंदी पिक्चरच्या खाली इंग्रजी अक्षरं लावून बसायचे आणि कुणी विचारलंच तर म्हणायचे, इंग्रजी सुधारतोय.

रविवारी सकाळी त्यांची मुलगी करिष्मा वाकडहून आली. आयटीत आहे, वडिलांवर गेली आहे, म्हणजे एकदा डोक्यात घेतलं की ऐकत नाही. तिच्या हातात जेवणाच्या डब्याहून थोडं मोठं असं एक खोकं होतं.

“बाबा, हा स्ट्रीमिंग ॲम्प्लिफायर. फोनवरची गाणी यावर लागतात, टीव्ही यालाच जोडायचा. दोन स्पीकर बास. बाकीचं सगळं काढायचं. शेजाऱ्यांची भांडी किती थरथरवायची?”

“सहावरून दोनावर? हे तर डिमोशन झालं की!” उद्धवराव हसले खरे, पण आतून चरकले. पोरीला कळलं की काय?

करिष्मा वायरी मोजत फिरत होती. चार स्पीकर सापडले, पाचवा सापडेना. “मधला कुठं आहे?”

उद्धवरावांनी कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि शोकेस उघडली. आत, काचेमागे, कुसुमताईंच्या चांदीच्या निरांजनाशेजारी पाचवा स्पीकर वायरीशिवाय बसला होता. कंपनीत महागातली मापं, गेज, सगळी काचेच्या कपाटात कुलपात असतात. दुकानदार म्हणाला होता की यात हा स्पीकर सगळ्यात महत्त्वाचा. मग महत्त्वाची वस्तू कुणी उघड्यावर ठेवतं का?

करिष्मा मटकन खाली बसली. “बाबा! माणसांचं बोलणं सगळं यातूनच येतं! आणि ते तुम्ही वर्षभर कुलपात ठेवलंत?”

म्हणजे दोष कानांचा नव्हेच? पण उद्धवरावांना आशा धरायचा धीर होईना. करिष्मानं सापडलेल्यांतले दोन स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, जरा आत वळवून ठेवले, “आता बोलणंसुद्धा या दोघांतूनच येणार,” म्हणत छोटं खोकं जोडलं आणि आठवड्याची राहिलेली मालिका लावली.

सून कुजबुजली, “चावी पिठाच्या डब्यात आहे.”

उद्धवराव ताडकन उठले. आवाज थेट टीव्हीच्या मधोमध! तिथं तर काहीच नव्हतं. त्यांनी रिकाम्या हवेतून हात फिरवला, टीव्हीमागे डोकावून पाहिलं. “पिठाच्या डब्यात!” ते ओरडले. “चावी पिठाच्या डब्यात हाय!” आणि पोरीसमोर चक्क गिरकी घेतली.

तेवढ्यात पडद्यावर दार उघडून थोरली जाऊ आत आली आणि म्हणाली, “आले बाई एकदाची नाशिकहून.”

उद्धवराव थबकले. “ही तर मेली होती ना? दिवाळीआधी. तूच सांगितलंस.”

कुसुमताईंनी भाजीत तोंड खुपसलं.

“कुसुम?”

“मला तरी कुठं ऐकू येत होतं ओ!” त्या एकदम बोलल्या. “तुम्ही विचारायचे, मी सांगायचे. जावेचं तोंड मला पटत न्हवतं. मारून टाकली.”

पुढची दहा मिनिटं त्या घरात कुणालाच धड बसता आलं नाही. करिष्मा सोफ्यावरून घसरली. उद्धवराव हसून हसून खोकायला लागले. वर्षभर ते जी मालिका बघत होते, ती जगात दुसऱ्या कुणीच पाहिली नव्हती! मग त्यांना वेडच लागलं. फोनवर भजन लावलं तर पेटीचा भाता ऐकू आला, गाणाऱ्यानं मध्येच घेतलेला श्वास ऐकू आला. पंख्याखाली उभं राहून त्यांनी बेअरिंग गेल्याचं सांगितलं, स्वयंपाकघरात कुठलं झाकण सैल आहे तेही बसल्या जागेवरून सांगितलं. खालच्या मजल्यावरचे कुलदीपराव, मूळ मोशीकर, गोंधळ ऐकून वर आले आणि जुना रिसीव्हर उरलेल्या स्पीकरांसकट घेऊनच गेले. “आमाला कुनी काय बोलतंय त्याचं काय करायचं न्हाई भाऊ,” ते म्हणाले. “हाणामारी ऐकू आली म्हंजी झालं.”

गुरुवारी गाडी आली. कानाला यंत्र लावून उद्धवरावांनी डोळे मिटले, बारीक बारीक शिट्ट्यांना बटण दाबत गेले. डॉक्टरीणबाईंनी आलेख पाहिला. वरच्या पट्टीत थोडं कमी आहे, तीस वर्षं मशीनजवळ काढल्यावर व्हायचंच, बाकी कान उत्तम. काचेची खोली शाबूत राहिली!

घरी ते पेढे घेऊन आले आणि चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. वर्षभराची भीती, स्टोअर, इंग्रजी अक्षरं, सगळं. कुसुमताई पेढा हातात धरून ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मी जाऊन आले होते ओ. कानाच्या डॉक्टरकडं. एकटीच. ते म्हणले काही न्हाई, पण माझा विश्वासच बसंना.”

“मला का सांगितलं न्हाईस?”

“तुम्ही कानवाले. तुमच्यासमोर कुठं सांगू, मला ऐकू येईना म्हणून? म्हणून तर पटापट काहीबाही सांगायचे.”

उद्धवराव त्यांच्या शेजारी बसले. पुढं दोघं बराच वेळ बोलत बसले आणि टीव्ही लावायचा राहूनच गेला.