बिनकृपयाची ओळ

"आया उधर बैठेंगी."

कमिटीच्या मॅडम हे माझ्या आईबद्दल बोलल्या. आईशी नाही बोलल्या. माझ्या पोरीला सांगितलं, आईच्या डोक्यावरून. आई शाळेच्या गेटात उभी होती, नातीचा हात धरून. मॅडमच्या हातात गुलाबांची परडी. आजी-आजोबा दिन होता. आईच्या पुढच्या आजीला गुलाब मिळाला. मागच्या आजीलाही मिळाला. मधली एक तेवढी बाजूला.

मी कुठे होते? तिथेच. गेटाला लागून टेबल मांडून बसले होते, दादी-नानीचे बिल्ले वाटत. 'नानी' लिहिलेला एक बिल्ला मी सकाळीच वेगळा काढला होता. तो मुठीत होता.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "आपने मैसेज में साफ़ लिखा था न? फिर भी घुस आती हैं."

मी म्हणाले, "जी."

मॅडमनी नीट ऐकलं. आईनेही ऐकलं. ती वळली आणि गेटाबाहेर कडुनिंबाखाली जो बाक आहे, आयांचा, तिथे जाऊन बसली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला आधी वाटलं रागावली. नंतर कळलं, तिची नजर माझ्यावर पडली असती तर लोकांना नातं कळलं असतं. ती मला वाचवत होती.

आता सगळं सांगते.

बनारसमधल्या नन्सच्या एका प्राथमिक शाळेत मी ऑफिसात काम करते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. बाप रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा मजूर, बदलीवर मनमाडहून इथे आला आणि इथेच वारला. मी बीए झाले तेव्हा आईने कॉलनीत साखर वाटली होती. ते मी मिरवते, आणि मिरवणारच.

शाळेत दर शुक्रवारी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप जातो. आठवड्याच्या बातम्या, सूचना. सिस्टर, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस, इंग्रजीत सांगतात. खाली हिंदी मी लिहिते. सोमवारी पांढरे मोजे. नखं कापलेली. पाण्याच्या बाटलीवर नाव. मेरी मातेच्या सणाला सुट्टी. तिसरीतल्या कुणाचा तरी डाव्या पायाचा बूट ऑफिसात पडून आहे, घेऊन जावा. प्रत्येक ओळ 'कृपया'ने सुरू होते. सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, पालकांना हुकूम करायचा नाही.

घरी गेल्यावर तो निरोप मी आईला वाचून दाखवते. तिला वाचता येत नाही. पण शुक्रवारी ती वाट बघते. शेजारणीला सांगते, हमारी बेटी का लिखा पूरा स्कूल पढ़ता है.

आजी-आजोबा दिनाच्या आधीच्या शुक्रवारी कमिटीच्या मॅडम ऑफिसात आल्या. चौकात त्यांचं साड्यांचं मोठं दुकान आहे, शाळेला पडदे त्यांनीच दिलेत. म्हणाल्या, फोटो निघणार, पाहुणे येणार, आया-ड्रायव्हरांची गर्दी बाहेर ठेवा, एक ओळ टाका. सिस्टर म्हणाल्या, कमिटीला योग्य वाटतं तर टाका.

मी टाकली. "आयाएँ और ड्राइवर गेट के बाहर ही रुकें."

'कृपया' नाही. गाळायला मला कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या सगळ्या ओळींना होतं, या ओळीला मी लावलं नाही. बोटच तिकडे गेलं नाही. 'बाहर ही' मधला 'ही' सुद्धा माझा. मॅडम नुसतं बाहर म्हणाल्या होत्या.

ती ओळ मी आईला वाचून दाखवली. ऐटीत. ती मान डोलवत ऐकत होती.

आणि पोरीचं. ती आजीला आईच म्हणते, मी म्हणते म्हणून. मी तिची मम्मी, हे मॅडमना ठाऊक नव्हतं. मॅडमनी गेटात विचारलं, "ये कौन हैं बेटा?" पोरगी म्हणाली, "आई." बनारसमध्ये आई म्हणजे 'आली'. कोण आली? ऐकणाऱ्याच्या कानाला जवळचा शब्द एकच, आया. बाकीचं काम साडीने केलं. आईची सगळ्यात चांगली साडी पांढरी. आमच्यात शुभकार्याला पांढरी नेसतात. सारनाथला वंदनेला जाते तेव्हा ती नेसते. नातीच्या शाळेत जायचं म्हणून नीळ घालून धुतली, कांजी केली, दोन्ही बाजूंनी धरून आम्ही झटकली. मॅडमच्या डोळ्यांना पांढरी साडी म्हणजे आयाच.

त्यांच्या डोक्यात तरी माझी आई कशी येणार? नोकरीला लागले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "आप मराठी हैं? दशाश्वमेध वाले पंडित लोग?" इथे मराठी म्हटलं की लोकांना घाटावरचे शास्त्री-पुरोहितच आठवतात. मी म्हणाले, "बस, यहीं बनारस के." खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. त्या दिवसापासून त्या मला 'पंडिताइन' म्हणून हाक मारायच्या, थट्टेत. मी हसायचे. ते हसू मला आता दाताखाली खड्यासारखं लागतं.

तर, आई बाकावर. आत माईकवर पहिल्या वर्गाचं गाणं सुरू झालं. नंतर दुसरीचं. दुसरीत माझी पोरगी. ते गाणं तिने घरात आजीबरोबरच पाठ केलं होतं. एक ओळ नात म्हणायची, एक आजी. आई बाकावर बसून ओठ हलवत होती. मी ते टेबलावरून बघितलं.

मग उठले. फार उशिरा उठले.

बाकाजवळ जाऊन म्हणाले, आई, चल आत. ती हलेना. म्हणाली, "तूच लिव्हलंय ना ते. वाचून दावलंस. नियम हाय तर हाय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटत होतं की लेकीने लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल.

मी तिचा हात धरला, उठवली, गेटात आणली. मॅडम पुढे आल्या. मी मोठ्याने म्हणाले, "ये आया नहीं हैं. मेरी माँ हैं."

मॅडमचा चेहरा पडला, लगेच सावरलाही. "अरे, तो पहले बताना था न. सॉरी आंटी, आइए, आइए." परडीतून गुलाब निघाला. मला वाटलं, झालं. जिंकले.

मागून बाकावरून आवाज आला. पहिलीतल्या जुळ्यांना आणणारी आया होती ती. "जाइए अम्मा, आप तो घर की निकलीं." बाकीच्या हसल्या. मोठ्याने नाही. तोंडाला पदर लावून.

आई थांबली. गुलाब घेतला नाही. मला मराठीत म्हणाली, "आया होतेच की मी."

होतीच. मी शाळेत होते तेव्हा ती रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यावर त्यांची दोन मुलं सांभाळायची. त्यांना आंघोळ घालून, भरवून, शाळेच्या गेटावर सोडून यायची आणि मग मला सोडायची. माझा पहिला तास रोज अर्धा बुडायचा. तिच्या आयापणावर मी बीए झाले. आणि तिला आत न्यायला मी काय म्हणाले? ये आया नहीं हैं. जशी काही आया ही शिवी आहे. मॅडमनी तिला बाकावर बसवलं होतं. मी तर तिचं सगळं आयुष्यच तिच्या तोंडावर नाकारलं, वर बाकावरच्या सगळ्यांना सुनावलं, की तुम्ही बसा, आमची माणसं वेगळी.

मी मॅडमकडे वळले. "दशाश्वमेध के नहीं हैं हम. माँ आया ही थीं, बँगले पर. और वो लाइन मैंने लिखी थी. ग़लत लिखी थी."

मॅडम म्हणाल्या, "अभी तमाशा मत कीजिए." हळू आवाजात, हसत, कारण फोटोवाला बघत होता.

मी गेट पूर्ण उघडलं. बाकावरच्यांना म्हणाले, चला, सगळ्या आत चला. एकही उठली नाही. जुळ्यांची आया म्हणाली, "दीदी, आपकी नौकरी जाएगी, साथ में हमारी भी." आता कुणी हसलं नाही.

गाणं तोवर संपलं होतं. नातीसाठी आई तेवढी आत गेली, पण तिने टाळ्या ऐकल्या, गाणं नाही. पोरीने घरी येऊन विचारलं, आई, तू कुठे होतीस? आई म्हणाली, मागं होते. मी शेजारी बसून ते ऐकलं.

सिस्टर वाईट नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला निरोप पाठवला, वाईट वाटलं म्हणून. पण पुढच्या शुक्रवारी खेळदिनाची सूचना सांगताना शेवटी म्हणाल्या, आणि ती मागची ओळ. कमिटीची इच्छा आहे.

मी कीबोर्डवरून हात काढले.

"एक लाइन ही तो है, बेटा," सिस्टर म्हणाल्या.

मी म्हणाले, "जी नहीं."

मग त्यांच्यासमोर लिहिलं. कृपया ध्यान दें, बच्चे के साथ जो भी आए, माँ, दादी, नानी या आया, वह अंदर आकर बैठे. खाली स्वतःचं नाव टाकलं, बापाने दिलेलं, आडनावासकट. त्या आडनावावरून आता कुणालाही दशाश्वमेध आठवणार नाही. पाठवू का, असं विचारलं नाही. पाठवलं.

मॅडमचा फोन आला, उचलला नाही. कमिटीची बैठक बोलावली आहे. माझ्या जागेवर दुसरी मुलगी येईल, कदाचित तीही पहिलीच पदवीधर असेल आणि ती ओळ लिहील. लिहू दे. माझ्या हातून ती परत लिहिली जाणार नाही.

गेटावरचा तो 'जी' मला परत घेता येत नाही. आई त्याबद्दल कधी बोलली नाही, बोलणारही नाही. तो माझ्यापाशी राहील. तो विसरायचा नाही, हेच मी ठरवलंय. खेळदिनाला आई पांढरी साडी नेसून येणार आहे. आधी बाकावर जाऊन बसणार, मी तिच्या शेजारी. बाक उठेल तेव्हाच आम्ही उठू.